दुसरं अर्धं घर कुणाच्या घामाचं?

चिलीतल्या इकीके शहरात भर वस्तीत किंता मोनरॉय आहे. तिथं शंभरेक गरीब कुटुंबं तीस वर्षं ‘बेकायदा’ म्हणून राहत होती. 2004 साली वास्तुरचनाकार अलेहान्द्रो आरावेना नि त्याच्या एलेमेंताल गटानं त्याच जागेवर त्यांची घरं उभी केली. सरकारी अनुदान घरटी 7500 डॉलर, जमीन धरून. तेवढ्यात पुरं घर होईना. मग अर्धंच बांधलं: न्हाणी-संडास, स्वयंपाकघर, जिना, भक्कम भिंती. शेजारची पोकळी रिकामी सोडली. लोकांनी ती जमेल तशी भरली.

मित्रांनो, यातली मोठी गोष्ट जमिनीची. वस्ती उचलून गावकुसाबाहेर फेकली नाय. कामधंदा, शाळा, नाती जागेवर राहिली. याला आपला सलाम.

पण वाहवा झाली ती ‘वाढत्या घरा’ची. आरावेनाला 2016 साली प्रित्झकर पारितोषिक मिळालं. घर काय झाडासारखं आपोआप वाढतं? पाळी करून आलेला माणूस सुट्टीदिवशी फळ्या ठोकतो, पोटाला चिमटा काढून पत्रा आणतो, तेव्हा ते वाढतं. त्या घामाची मजुरी कुठल्या नकाशात मांडलीय?

अर्धं घर सुरुवात म्हणून चांगलं. त्यावर सरकारनं हात झटकले, तर ती फसवणूक.