करंडक आणि कोरीव अक्षर : संस्थापकांच्या स्मृतिभेटींचा भाषिक विचार

सार्वजनिक संस्थेच्या संस्थापकास मिळालेल्या भेटवस्तू त्याच्या पश्चात जपून ठेवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. या वस्तूंकडे बहुधा इतिहासाची साधने म्हणून, क्वचित कारागिरीचे नमुने म्हणून पाहिले जाते. भाषिक कृती म्हणून त्यांचे परीक्षण फारसे होत नाही. वस्तुतः स्मृतिभेट ही दोन अंगांची रचना होय. एक अंग वस्तूचे, दुसरे तिच्यासंबंधीच्या शब्दांचे. वस्तूचे मोल सराफ किंवा सुतार सांगू शकेल. परंतु ती कोणी, कोणास, कोणत्या नात्याने दिली हे केवळ शब्दच सांगू शकतात. जपणूक यशस्वी झाली किंवा नाही हे ठरवावयाचे असेल, तर वस्तू शाबूत आहे काय एवढेच विचारून भागणार नाही. तिचे शब्द शाबूत आहेत काय, हेही विचारावे लागेल.

हा प्रश्न केवळ संग्रहालयांचा नाही. पूर्वी हवेली तालुक्यातील एक गाव असलेली आणि आता पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आलेली खराडी ही आज कचेऱ्यांची वस्ती झाली आहे. तेथील उंच इमारतींतून कामाच्या मेजांवर व भिंतींवरील फळ्यांवर काचेची, लाकडाची, ॲक्रिलिकची स्मृतिचिन्हे मांडलेली असतात. त्यांवर नाव, वर्ष व संस्थेची मुद्रा असते. देणाऱ्याने काय म्हटले, हे मात्र बहुधा नसते. ही स्थिती कशी आली, याचे उत्तर शब्दांच्या इतिहासात शोधता येते.

मराठीत देण्याच्या क्रियेस दिशा असते. ‘नजराणा’ खालून वर जातो, ‘बक्षीस’ वरून खाली येते. ‘आहेर’ परत करावयाचा असतो, ‘दान’ परत मागावयाचे नसते. या सर्वांत ‘भेट’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे, कारण तो समपातळीवरचा आहे आणि त्याचे दोन्ही अर्थ एकमेकांस चिकटून आहेत : दोघांचे एकत्र येणे ही भेट, आणि त्या प्रसंगी दिलेली वस्तू हीही भेट. ‘संस्थेला भेट दिली’ या वाक्यात पाहुणा येऊन गेला की काही देऊन गेला, हे संदर्भावाचून कळत नाही. भाषेचा संकेत असा दिसतो की, वस्तू ही भेटीची खूण आहे. भेट घडली नसेल तर वस्तू निरर्थक होय.

‘करंडक’ या शब्दाची कहाणी याच्या उलट दिशेने गेली आहे. करंड म्हणजे झाकणाची लहान पेटी. कुंकवाचा करंडा मराठी घरांतून सर्वपरिचित आहे. मानपत्र देण्याच्या समारंभात मानपत्र आधी मोठ्याने वाचले जाई व मग करंडकात घालून सत्कारमूर्तीच्या हाती दिले जाई. करंडक हे आवरण होते. आतील मजकूर हा आशय होता. पुढे करंडक हाच पारितोषिकाचा वाचक शब्द झाला. क्रिकेटमधील रणजी करंडक असो किंवा १९६३ साली पुण्यात सुरू झालेला महाविद्यालयीन एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक असो, तेथे आत काही असण्याची अपेक्षाच राहिलेली नाही. भाषेत असा अर्थपालट होणे स्वाभाविक आहे व त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. तथापि पेटी उरली आणि पत्र गेले, ही घटना संग्रहालयांच्या बाबतीत अक्षरशः घडू लागली तर ती हानीच म्हणावी लागेल.

सेवासंस्थांच्या बाबतीत १९०५ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी २३ फेब्रुवारी रोजी शिकागो शहरात वकील पॉल हॅरिस यांनी तिघा परिचितांसह रोटरीची पहिली बैठक घेतली; १२ जून रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. पहिली संस्था व्यवसाय सांभाळून सेवा करणाऱ्यांची, तर दुसरी व्यवसाय सोडून सेवेस वाहून घेणाऱ्यांची. गोखल्यांच्या समाजातील सदस्यास स्वतःसाठी द्रव्यार्जन न करण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. दोन्ही संस्थांत सेवा हाच शब्द असला, तरी भेटवस्तूचे स्थान दोहोंत सारखे असू शकत नाही.

हॅरिस १९४७ साली निधन पावले. त्यांच्या कार्यालयातील वस्तू व निरनिराळ्या ठिकाणांहून त्यांस आलेल्या भेटी रोटरीने जपल्या. पहिली बैठक जेथे झाली ती युनिटी इमारतीतील ७११ क्रमांकाची खोलीही इव्हन्स्टन येथे पुन्हा उभारण्यात आली. ही निष्ठा प्रशंसनीय आहे. परंतु येथे एक विसंगती दिसते. ती खोली हॅरिस यांची नव्हतीच. गुस्टाव्हस लोअर या खाण-अभियंत्याची ती कचेरी होती. आणि रोटरी हे नाव पडले तेच मुळी सभासदांच्या कचेऱ्यांतून पाळीपाळीने बैठका भरत म्हणून. ज्या संस्थेच्या नावातच फिरणे आहे, तिची स्मृती एका खोलीत व एका व्यक्तीच्या मेजाभोवती स्थिर झाली. संस्थापकाच्या कचेरीतील भेटी पाहणारास त्याचा लौकिक कळतो. पण त्या भेटी वस्तुतः शेकडो अनाम मंडळांची वाक्ये आहेत, हे प्रत्येक वस्तूचा लेख वाचावयास मिळाला तरच कळेल.

गोखल्यांच्या बाबतीत दोन भेटींची तुलना उद्बोधक ठरते, आणि त्या दोहोंचे वर्णन गांधीजींच्या लेखनात मिळते. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले असता जोहान्सबर्गच्या हिंदी रहिवाशांनी त्यांस मानपत्र दिले. ते रँडच्या खाणीतील सोन्याच्या हृदयाकृती पत्र्यावर कोरलेले असून ऱ्होडेशियातील सागवानावर बसविलेले होते. पत्र्यावर हिंदुस्थान व सिलोन यांचा नकाशा होता आणि बाजूच्या सुवर्णपट्टांपैकी एकावर ताजमहालाचे चित्र होते. या मानपत्रात करंडक आणि मजकूर एकरूप झाले आहेत. सोने तेथले, नकाशा इथला. ज्या भूमीत देणाऱ्यांस समान हक्क नव्हते तिचेच सोने त्यांनी आपल्या मूळ देशाच्या आकृतीसाठी वापरले. शब्दांवाचूनही ही वस्तू बोलते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी भेट म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांनी गोखल्यांस दिलेले उपरणे. रानडे १९०१ साली निवर्तले होते. गोखले ते उपरणे अत्यंत जपत व विशेष प्रसंगीच वापरीत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या वेळी त्यास इस्त्री करण्याची गरज पडली आणि गांधीजींनी ते काम मागून घेतले. तुमच्या वकिलीवर विश्वास आहे, परंतु धोबीकामावर नाही, अशा आशयाची थट्टा गोखल्यांनी केली आणि त्याच वेळी त्या भेटीची हकीकत आनंदाने सांगितली. या उपरण्यावर एकही अक्षर नव्हते. त्याचा लेख गोखल्यांच्या मुखात होता. सोन्याचे मानपत्र सभेत एकदा वाचले गेले. उपरण्याचा मजकूर मात्र गोखले हयात असेतो कोणासही पुन्हा सांगता येण्याजोगा होता. आज तो आपणांस कळतो तोही वस्तूवरून नव्हे, ती हकीकत ऐकणाऱ्याने लिहून ठेवली म्हणून.

‘अमुक यांस, अमुक यांजकडून, सप्रेम भेट’ या परिचित वाक्याची घडण आता पाहता येईल. यात क्रियापद नाही. म्हणून काळही नाही. भेट दिली, असे ते म्हणत नाही. ती नित्य दिली जात आहे असा भास ते निर्माण करते. ही त्याची शक्ती. परंतु ‘यांस’ या चतुर्थीच्या रूपात ज्याचे नाव बसले तोच घेणारा ठरतो, आणि त्या सेवेत वाटेकरी असणारे इतर सर्व वाक्याबाहेर राहतात. ही त्याची मर्यादा.

या मर्यादेचा अत्यंत मार्मिक प्रतिवाद कस्तुरबांनी केला होता. १९०१ साली दक्षिण आफ्रिका सोडताना गांधीजींस सोन्याचांदीच्या मौल्यवान भेटी मिळाल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा हार होता. सार्वजनिक सेवेचे मोल घ्यावयाचे नाही या विचाराने गांधीजींनी या भेटी, १८९६ मधील भेटींसह, विश्वस्तनिधीत जमा केल्या. हार माझ्या सेवेबद्दल मिळाला की तुझ्या, असा त्यांचा प्रश्न होता. तुमची सेवा ती माझीही सेवा, रात्रंदिवस मी खपले ती सेवा नव्हे काय, असा कस्तुरबांच्या उत्तराचा आशय होता. गांधीजींचा निर्णय सार्वजनिक नीतीच्या दृष्टीने योग्य होता, आणि संमती आपण कशीबशी मिळविली हे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नमूदही केले. तरीही कस्तुरबांच्या प्रश्नास त्या निर्णयाने उत्तर मिळत नाही. त्या हाराचे ‘यांस’ नेमके कोणाचे, हा वाद व्याकरणाचा नसून न्यायाचा आहे. पुण्याहून नगर रस्त्याने खराडीकडे जाताना वाटेत आगाखान राजवाडा लागतो. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे तेथेच बंदिवासात निधन झाले व त्यांची समाधीही तेथेच आहे.

या विवेचनावरून संग्राहकांसाठी एक साधा निकष सुचतो. नोंदवहीत वस्तूचे नाव, धातू व माप यांबरोबर तिचा लेख मूळ शब्दांत व मूळ शुद्धलेखनात उतरावा. देणाऱ्या मंडळाचे नाव घेणाऱ्याच्या नावाइतक्याच ठळकपणे यावे. वस्तूवर लेख नसेल तर ती हकीकत जाणणारा माणूस हयात असतानाच लिहून घ्यावी. नव्याने स्मृतिचिन्हे देणाऱ्यांनीही मुद्रा आणि वर्ष यांच्या जोडीस एक पूर्ण वाक्य, शक्यतो क्रियापदासह, कोरावे : कोणी काय केले, कोणाच्या साहाय्याने केले आणि त्याबद्दल कोण कृतज्ञ आहे. खराडीतील कचेऱ्यांच्या फळ्यांवरील वस्तू उद्या कोणी जपल्याच, तर त्यांतून वाचण्याजोगे काही मिळावे यासाठी एवढे वाक्य पुरेसे आहे.