गर्जनेतला दशावतार

आर्वीच्या वर्गात ‘हा कसला कोलाहल?’ म्हणून ज्या पोरावर मी खेकसलो, त्यानेच घरी येऊन मला ‘दशावतार’ ऐकवला. मुंबईच्या साहिल माखिजा यांनी २००० साली ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हा मेटल संगीताचा वाद्यवृंद काढला. गिटार त्यांची, गळा त्यांचा आणि ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्थाही त्यांचीच. २०१७ च्या या संग्रहात मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गीत आहे, तेही इंग्रजीत! नरसिंहाला ती गर्जना शोभते. माझ्या अंगावर काटा आला. वामनाला मात्र नाही. आमच्याकडचे कीर्तनकार बटूला आधी इवलासा करून दाखवतात, म्हणून तर तिसरे पाऊल मोठे वाटते. पोराला हे पटले नाही. ‘सर, पुन्हा ऐका,’ म्हणाला. ऐकले, पण नरसिंहच.