भाडं कमी, खाणारी तोंडं तेवढीच

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वस्तू स्वस्त असली की ती आधी चांगली ठरवायची आणि मग कारणं शोधायची, हा आमचा धर्म. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार सुटला आणि विंडोज ११ने आमच्या चार जीबी रॅमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मी फुकटातल्या लिनक्सकडे वळलो. घाई कन्येच्या चित्राची होती. ती क्रिटावर तिच्या गेलेल्या आजीला रंगवत होती.

लिनक्स एक नाही; डिस्ट्रो नावाची त्याची शेकडो बिऱ्हाडं आहेत. जाणकार त्यांची शिफारस एकाच गुणावर करतात, ‘हलकं आहे!’ म्हणजे काय, तर नुसतं सुरू करून ठेवलं की रॅम फार कमी खातं. हे म्हणजे ग्राहक नसताना आमचं काउंटर किती झटपट चालतं, ते सांगण्यासारखं झालं.

पहिलं पपी लिनक्स. पिल्लू गोड आणि चपळ. पण चपळ का, तर ते सगळं बिऱ्हाड रॅममध्येच मांडतं. रॅम म्हणजे यंत्राचा ओटा. जिथे स्वयंपाक करायचा, तिथेच पाहुण्याने गादी घातली!

मग उबंटू स्टुडिओ. २००७पासून खास कलावंतांसाठी. चित्र, आवाज, चित्रफीत, सगळी हत्यारं तयार. कन्येला हवी होती एक कढई आणि हे आलं रुखवत घेऊन. शिवाय २०२०मध्ये त्याने साधं एक्सएफसीई सोडून प्लाझ्माचा थाट धरला.

लुबंटू मात्र खरंच सडपातळ. क्रिटा चाललं. आठवड्याने पाहतो तर कन्या चित्राचे थर एकमेकांत मिसळतेय.

“हे काय गं?”

“बाबा, अडकतंय. थर कमी केले की चालतं.”

आजीचं लुगडं आणि मागची भिंत एकाच थरात गेली होती. आता लुगड्याचा रंग बदलायचा तर भिंतही रंगवणं आलं.

मी कागद-पेन्सिल घेतली. ए-थ्री आकार, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३,५०८ गुणिले ४,९६१. झाले सुमारे १ कोटी ७४ लाख ठिपके. ठिपक्याला चार बाइट धरले, तर पूर्ण भरलेला एक थर ७० एमबीचा. असे वीस थर म्हणजे १,४०० एमबी. आणि लुबंटू व त्याहून जरा अंगाने भरलेली मिंटची एक्सएफसीई आवृत्ती यांत आमच्या यंत्रावर फरक पडला, तो दोनशे एमबीसुद्धा नाही. म्हणजे धड तीन थरही नाहीत!

तेव्हा माझा आक्षेप हलक्या डिस्ट्रोंवर नाही, त्यांच्या भाटांवर आहे. ते भाडं सांगतात, किराणा सांगत नाहीत. आधी काम मोजावं, मग बिऱ्हाड बघावं. मी सरळ मिंट एक्सएफसीई घातलं आणि चार जीबीची एक जुनी रॅमपट्टी विकत आणून बसवली. एवढ्या फुकटाच्या शोधात खर्च झाला तो हाच, आणि उपयोगी पडला तोही हाच.

मिसळून जतन केलेले थर मात्र पुन्हा सुटे होत नाहीत. कन्येने चित्र पहिल्यापासून काढलं. आजीचं लुगडं आता वेगळ्या थरावर आहे आणि कन्या रोज त्याचा रंग बदलते.

हयातीत आईला एवढी लुगडी मी कधी घेतली नव्हती.