बोटाएवढी जागा

अंगठी घडवणाऱ्या कलावंताला जागा मिळते ती एका बोटाची. हार गळ्यावरून छातीवर पसरू शकतो. अंगठीला मात्र एका पेरावर मावावे लागते आणि शेजारच्या बोटांशी जमवून घ्यावे लागते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत युरोपात हाताने घडवलेल्या कला-अंगठ्यांच्या वैविध्याविषयी पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुधा सामग्रीबद्दल : सोन्याऐवजी पोलाद, रबर, अ‍ॅक्रिलिक. मला हे अपुरे वाटते. सामग्री बदलणे त्या मानाने सोपे. या बोटाएवढ्या जागेशी कलावंत कसा वागतो, हे पाहायला हवे.

ब्रिटिश कलावंत वेंडी रॅमशॉ (१९३९–२०१८) यांनी एका अंगठीच्या जागी बारीक अंगठ्यांचे संच केले. कोणती वर, कोणती खाली, किती घालायच्या, हे घालणारीने ठरवायचे. काढून ठेवल्या की त्या लेथवर कातलेल्या खांबावर चढतात, आणि तो खांबही कलाकृतीचाच भाग. आपल्याकडे काढलेली अंगठी डबीतल्या कापसावर जाते आणि दिसेनाशी होते. मी हे संच छायाचित्रांतूनच पाहिले आहेत. त्यांत खांबावरच्या अंगठ्या बोटावरच्या अंगठ्यांहून देखण्या दिसतात. ही मला उणीव वाटते.

कार्ल फ्रिट्श यांचा मार्ग उलटा. मेणात घडवताना उमटलेले बोटांचे ठसे ते ओतीव धातूत तसेच राहू देतात. आपला सोनार कानस आणि झिलई देऊन हेच पुसून टाकतो, आणि त्यालाच आपण सफाई म्हणतो. खड्यांचे ढीग रचलेल्या त्यांच्या अंगठ्या खूप गाजल्या. पण सलग पाच-सहा पाहिल्यावर त्यांतला खट्याळपणा ओळखीचा होतो. ठशांचे तसे होत नाही. एकाच्या बोटावर दुसऱ्याच्या बोटाची खूण, एवढी जवळीक दुसऱ्या कुठल्या दागिन्यात आहे?

ऑटो क्युन्झ्ली यांनी १९८० मध्ये दोन माणसांसाठी एक अंगठी केली : दोन कडी, मध्ये सरळ दांडी. बंधन म्हणजे काय, हे सांगायला त्यांना नक्षीची गरज पडली नाही. मला त्याहून अस्वस्थ करते ती १९८५-८६ मधली त्यांची साखळी. वापरलेल्या अठ्ठेचाळीस सोन्याच्या लग्नाच्या अंगठ्या एकमेकींत ओवलेल्या आहेत, कुठलीही वितळवलेली नाही.

इथे मला तटस्थ समीक्षक राहता येत नाही. आजीचे वेढणे आम्ही मोडीत दिले. सोनाराने तागडीत टाकले, घट वजा केली, रक्कम सांगितली. व्यवहार चोख होता. वेढणे एका बाजूला झिजून पातळ झाले होते, जात्याच्या खुंट्याची ती बाजू. वजन कमी भरले म्हणून तेवढे पैसेही कमी आले. चाळीस वर्षांच्या दळणाने केलेली ती घडण आमच्या हिशेबात फक्त तूट होती.

म्हणून ती साखळी गळ्यात घालण्याजोगी आहे का, हा नेहमीचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तिचे छायाचित्र समोर आले की मी एकेक अंगठी बघत जातो, कुठली कोणत्या बाजूने झिजली आहे ते.