केडल्स्टनच्या हिरवळीवरचं नसलेलं गाव

डर्बीशरमधल्या केडल्स्टन हॉलला आपल्याकडचं कुणी गेलं, की पाय आधी तळमजल्यावरच्या ईस्टर्न म्युझियमकडे वळतात. साहजिक आहे. लॉर्ड कर्झनने आशियातून आणलेल्या वस्तू तिथे आहेत. 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला, भारतीय कारागिरांनी मोरपिसांसारखं भरतकाम केलेला झगाही या घराच्या संग्रहातला. राग येतो, आणि यायलाही हवा. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर त्या रागाच्या भरात प्रस्ताव लिहायला बसू नका. मी बसलो होतो. पहिल्याच टिपणात ‘भारताच्या पैशावर उभं राहिलेलं घर’ असं ठोकून दिलं होतं!

आता सनावळी बघा. घराचं बांधकाम सुरू झालं 1759 मध्ये, आणि पुढे व्हाइसरॉय झालेला कर्झन जन्मला 1859 मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. घर बांधणारा नॅथॅनियल कर्झन हा त्याचा पूर्वज. पिढ्यान् पिढ्या तिथली जमीन बाळगून असलेल्या घराण्यातला. माझं वाक्य एका तारखेत कोसळलं. साम्राज्याशी या घराचा संबंध आहेच, पण तो नंतरचा आणि वेगळ्या जातीचा.

मग अठराव्या शतकातल्या घराला प्रश्न कुठे विचारायचा? माझं मत विचाराल तर बाहेर, पार्कमध्ये. आत रॉबर्ट ॲडमचा मार्बल हॉल आहे, अलाबास्टरचे 20 खांब आहेत, ते डोळे दिपवतात; बघून घ्या. पण याच ॲडमकडे आधी काम आलं ते पार्कचं. बाहेर मोकळा चढ-उतार, मेंढ्या, लांबवर पसरलेलं पाणी, त्यावर तीन कमानींचा पूल. सगळं कसं आपोआप उगवल्यासारखं वाटतं. ते पाणी ओढा अडवून केलेलं आहे. रस्ता होता, तो लांबून वळवला. आणि केडल्स्टन नावाचं गाव होतं, ते उठवून दुसरीकडे नेलं, कारण खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यात ते नको होतं.

पार्क बघायला येणारा ‘काय निसर्ग आहे!’ म्हणतो, इथेच त्याचं वाचन चुकतं. म्युझियममधली वस्तू निदान काचेमागे समोर असते, तिच्यावर वाद घालता येतो. उठवलेल्या गावाच्या जागी गवत आहे, आणि गवताला पाटी नसते. म्हणून माझी तक्रार फक्त ‘लूट’ शोधणाऱ्यांबद्दल नाही, फक्त स्थापत्य वाचणाऱ्यांबद्दलही आहे. दोघेही घरातच अडकतात. अभिलेखागारात गेलात तर ॲडमच्या देखण्या आराखड्यांच्या आधी जमिनीचे जुने नकाशे मागा, आणि बांधकामाआधीचा नकाशा नंतरच्या नकाशाशेजारी ठेवा.

जाता जाता कोलकात्याबद्दल. तिथलं जुनं गव्हर्नमेंट हाउस (1799 ते 1803) केडल्स्टनच्या आराखड्यावरून बांधलं. गंमत म्हणजे मूळ आराखड्यात घराला चार पंख होते, इथे दोनच झाले, कोलकात्यात चारही. कर्झन पुढे व्हाइसरॉय म्हणून त्या चार पंखांच्या घरात राहिला. ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ हे शब्द वापरताना मला अजून अडखळायला होतं.

गावातलं एकच काही जागेवर राहिलं: मध्ययुगीन चर्च, घराला अगदी खेटून. बहुतेक लोक तिथेही जातात ते कर्झन आणि त्याच्या बायकोचे संगमरवरी पुतळे बघायला. तुम्ही ते बघून झाल्यावर दाराशी उलटं उभे राहा. ज्या घरांसाठी हे चर्च होतं त्यातलं एकही तिथून दिसत नाही.