गोडीचा उतारा

माझी उभी हयात गोडी मोजण्यात गेली. कुणाचा गैरसमज नको म्हणून लगेच सांगतो, मी सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. उसाचा रस आला की ब्रिक्स बघायचा, पोलॅरिमीटरला डोळा लावायचा आणि आकडा वहीत मांडायचा. रस ‘मधाळ’ आहे, ‘रेशमी’ आहे असं लिहिलं असतं तर साहेबांनी मला मळीच्या टाकीत सोडला असता. आमच्या भागात उतारा अर्ध्या टक्क्यानं इकडचा तिकडे झाला, तर पारावर आठवडाभर दुसरा विषय नसतो.

अशा माणसाच्या घरात म्हातारपणी व्हॉल्व्हचा प्री-अँप्लिफायर यावा हा दैवाचा विनोद. भाचा कॅनडाला जाताना “मामा, सांभाळा” म्हणून ठेवून गेला. तबकडीच्या सुईतून निघणारी वीज म्हणजे जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. ती वाढवून पुढच्या यंत्राच्या हवाली करायची, एवढंच याचं काम. “एवढ्या मोठ्या डब्यात स्टेशन एकसुद्धा लागत नाही?” ही आमच्या सौभाग्यवतींची पहिली प्रतिक्रिया. पण हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली तेव्हा पदराला हात पुसत ती दारात उभी राहिली ती राहिलीच. आमटी करपली.

दोन वर्षं सुखाची गेली. मग डाव्या बाजूनं कढईत पाणी पडल्यासारखा चर्र आवाज येऊ लागला. हिराबाईंचा हलका, नाजूक स्वर त्या चरचरीत बुडायचा. दोष व्हॉल्व्हचा की यंत्राचा? याला एक बिनखर्चाची परीक्षा आहे. यंत्र बंद करून, चांगलं थंड होऊ देऊन, डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावायचा. (थंड होऊ देऊन यासाठी, की आत दोन-अडीचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.) चरचर उजवीकडे गेली तर चोर सापडला. आमची गेली. व्हॉल्व्ह निघाला ईसीसी 83, अमेरिकेत ज्याला 12एएक्स7 म्हणतात तो. नऊ पायांचा, करंगळीएवढा.

आता नवा कुठला घ्यायचा? इथून या विषयावरच्या वाङ्मयाशी माझी गाठ पडली, आणि त्याच्याबद्दलच मला दोन शब्द बोलायचे आहेत. व्हॉल्व्हचे परीक्षण लिहिणारे लोक हे नापास झालेले कवी असावेत असा माझा दाट संशय आहे. एका व्हॉल्व्हला ऊब असते, दुसऱ्याला मखमल असते, तिसऱ्यातून चांदणं सांडतं. चौथ्यालाही ऊबच असते, पण ती ‘वेगळी ऊब’. ऊब आहे हे खरं, हात लावून बघा, फोड येईल! पण हा व्हॉल्व्ह कुठल्या यंत्रात, कितव्या जागी, किती तास वापरून ऐकला, याचा पत्ता नाही. हातात दिलेला व्हॉल्व्ह कुठला हे आधी ठाऊक होतं का, हे तर कुणी विचारूच नये.

वाईट याचं वाटतं, की सांगण्यासारखं खरोखर पुष्कळ आहे. ईसीसी 83 सुमारे शंभर पटींनी आवाज वाढवतो, तर ईसीसी 82 वीसच्या आतबाहेर. दोघांचे पाय सारखेच, म्हणून एकाच्या जागी दुसरा खुशाल बसतो आणि मग लोक म्हणतात, “अहाहा, काय शांत झालं!” अहो, शांत नाही, बारीक झालं. सगळ्यात पहिल्या जागेवर सगळ्यात कमी खरखरीचा व्हॉल्व्ह हवा, कारण तिथली खरखर पुढे सगळीकडे वाढत जाते. पेन्सिलीनं हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटा वाजली तर आतली तार-जाळी सैल आहे. काचेच्या टोकाचा चंदेरी मुलामा दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, ग्रंथ आटोपला. यात मखमल कुठेच नाही, म्हणून बहुधा कुणी लिहीत नाही.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. मीही चांदण्याला भुललो. जुना, न वापरलेला जर्मन टेलिफुंकन म्हणून एका व्यापाऱ्याकडून अठरा हजारांना व्हॉल्व्ह मागवला. अठरा हजार म्हणजे आमच्या हिशेबात पाच टन ऊस. घरात मी ‘अठराशे’ सांगितले. खऱ्या टेलिफुंकनच्या तळाच्या काचेत, पायांच्या मधोमध, पत्त्यांतल्या चौकटसारखी उठावदार खूण असते. आमच्या पाहुण्याचा तळ कोरा. ओला अंगठा फिरवला तर नावही पुसलं गेलं! आणि शरमेची गोष्ट अशी, की तोवर मी तीन दिवस त्याची मखमल ऐकत होतो आणि भाच्याला फोन करून तिचं वर्णनही केलं होतं.

शेवटी बारामतीच्या एका वृद्ध रेडिओ मेकॅनिकनं पुठ्ठ्याच्या खोक्यातून ‘बेल’चा ईसीसी 83 काढून दिला. बेल म्हणजे आपली बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. 1954 साली संरक्षण खात्यानं काढलेली ही कंपनी पुढे रेडिओचे व्हॉल्व्हही करू लागली, तेही फिलिप्सच्या सहकार्यानं. पैसे विचारले तर म्हणाला, “घेऊन जावा. आता कोण लावतंय?” जोडीला दीड-दोन हजारांचा एक नवा स्लोव्हाकियन आणला. दोघंही टिचकीला गप्प, दोघांचीही चरचर नाही. मग यांत श्रेष्ठ कोण?

मी प्रयोगशाळेतला माणूस. म्हटलं, न बघता परीक्षा घेऊ. मी बाहेर झोपाळ्यावर बसायचं, हिनं दुपारीच एक व्हॉल्व्ह लावून, झाकण घालून, दुधाच्या वहीत मांडून ठेवायचं. (व्हॉल्व्ह लावायला ती दोन मिनिटांत शिकली. भाच्यानं मला अर्धा तास शिकवलं होतं.) संध्याकाळी मी तबकडी ऐकून उत्तर सांगायचं. अशा दहा संध्याकाळी. मधे दोनदा शेतीपंप सुरू होऊन दिवे मिचमिचले, त्या संध्याकाळी बाद धरल्या. कानाच्या डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं आहे की वरच्या पट्टीतलं बरंचसं ऐकू येणं गेलं आणि उरलेलंही मुक्कामाला आलेलं नाही. तरी मी ऐटीत उत्तरं दिली. “आज स्लोव्हाकिया. थोडा कोरडेपणा आहे.”

दहाव्या दिवशी वही उघडली. दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते, आणि झोपाळ्यावरून उठावं लागलं नसतं. कोरडेपणा ज्या दिवशी ऐकला त्या दिवशी आत बेल होता. जुना चरचरणारा व्हॉल्व्ह मात्र तिनं मधेच एकदा गुपचूप लावून पाहिला होता, तो मी सुई टेकायच्या आधीच ओळखला.

“म्हणजे दोन्ही सारखेच की,” ती म्हणाली.

“माझ्या कानांना सारखेच,” मी शास्त्रीय दुरुस्ती केली.

“आणि अठराशेवाला?”

मी पोलॅरिमीटरला लावावा तसा डोळा बारीक करून कपाटाकडे पाहत राहिलो.

“भाच्याचा फोन आला होता,” ती वही मिटत म्हणाली. “ते जाऊ दे. दहा दिवस आपण एकच बाजू ऐकतोय. दुसऱ्या बाजूला काय आहे हो?”

मला आठवेना. आत बेलच होता, तो तसाच ठेवला, आणि तबकडी उलटी केली.