थकलेला मसीहा : चेखवची ‘वॉर्ड नंबर सहा’

अमक्या डॉक्टरच्या हाताला शिफा आहे, असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. उर्दू शायरीने तर तबीबाला मसीहाच करून टाकले. पण हा मसीहा थकला, स्वतःच्या कामावरचा त्याचा विश्वासच उडाला, तर? अन्तोन चेखवने १८९२ साली ‘वॉर्ड नंबर सहा’ या दीर्घकथेत हा प्रश्न विचारला. चेखव स्वतः डॉक्टर होता. त्याच वर्षी कॉलऱ्याच्या साथीत मेलिखोव्हो परिसरातील २५ खेड्यांचे काम त्याने विनावेतन अंगावर घेतले होते. त्यामुळे या कथेतील संताप बाहेरून बोट दाखवणाऱ्याचा नाही.

डॉ. रागिन दुष्ट नाही. आडगावच्या त्या इस्पितळात घाण आहे, चोऱ्या आहेत, थर्मामीटर एकही नाही. सुरुवातीला तो मन लावून राबतो. पण आज ३० रुग्ण, उद्या ३५, परवा ४०. मृत्यू मात्र कमी होत नाहीत. वर्षाला १२,००० रुग्ण तपासले म्हणजे तितक्या माणसांना फसवले, असा हिशेब तो मांडतो. सलग ३६ तास पाळी करणाऱ्या आजच्या निवासी डॉक्टरला ही हताशा परकी वाटणार नाही.

इथवर आपण रागिनच्या बाजूने असतो. पुढे मात्र तो आपल्या थकव्याचे तत्त्वज्ञान बनवतो. मरण अटळ आहे, वेदना ही मनाची कल्पना आहे, असे म्हणत तो मार्कस ऑरेलियसचा दाखला देतो. पहारेकरी निकिता वेड्यांना मारतो, हे त्याला ठाऊक असते. तो काही करत नाही. शेवटी सहकारी खोबोतोव्ह त्याला कपटाने त्याच वॉर्डात कोंडतो. निकिताचा गुद्दा बसल्यावर त्याला उमगते, की वीस वर्षे आपण ही वेदना जाणून घ्यायचेच नाकारले. थकवा क्षम्य आहे. त्याला शहाणपणाचे नाव देणे क्षम्य नाही, हे या कथेचे मर्म आहे.

तरीही एक गोष्ट खटकते. या वॉर्डात मोइसेयका नावाचा एक वेडा ज्यू आहे. तो इतरांना पाणी देतो, पांघरूण घालतो, लुळ्या शेजाऱ्याला भरवतो. अवघ्या इस्पितळात शुश्रूषा करणारा हा एकटाच! पण हे तो करुणेने नव्हे, शेजारच्या सुशिक्षित ग्रोमोव्हच्या अनुकरणाने करतो, असे निवेदक सांगून टाकतो. रागिनच्या निष्क्रियतेची कारणे चेखव पानोपानी शोधतो. मोइसेयकाची माणुसकी मात्र एका वाक्यात त्याच्याकडून काढून घेतो. अल्पसंख्य, गरीब, वेडा. त्याला स्वतःचे मन असेल, हे या मोठ्या लेखकालाही सुचले नाही.

आपल्या कथांत डॉक्टर एक तर फरिश्ता असतो, नाही तर लुटारू. रागिन या दोहोंच्या मधला आहे, म्हणून तो अभ्यासायला हवा. पण आपल्या लेखकाने त्याच वॉर्डात शिरून आधी मोइसेयकाजवळ बसावे. त्याची कथा अजून लिहायची राहिली आहे.